अंधारासाठी अर्ज

अंधार मिळावा म्हणून सरकारदरबारी अर्ज करणारा आमच्या गोंदिया जिल्ह्यातला मी पहिलाच माणूस असेन. पाणी मागणारे मी पाहिले, रस्ता मागणारे पाहिले. शेजाऱ्याचा कोंबडा अवेळी आरवतो, त्याचा बंदोबस्त व्हावा, असा एक अर्ज तर मी स्वतः आवक केला होता. पण 'घरामागचा लाइट बंद करून मिळावा' हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मीसुद्धा अर्जदाराला चष्म्यावरून पाहिलं असतं आणि 'उद्या या' म्हटलं असतं. कोणत्या कार्यालयात मी हा अर्ज दिला ते सांगत नाही. मीही सारा जन्म एका कार्यालयात हेडक्लार्क म्हणून काढला आहे, आणि घरातली भांडणं बाहेर सांगू नयेत.

सुरुवात फोनपासून झाली. रश्मी ही आमची एकुलती एक मुलगी. नागपूरला इंजिनियर झाली, पुण्याला नोकरीला लागली आणि मग कंपनीनं तिला उचलून स्वीडनला पाठवलं. स्वीडन कुठे आहे ते मी कॉलनीतल्या सगळ्यांना नकाशावर दाखवलं आहे, काहींना त्यांची इच्छा नसताना. तर २०१४ च्या मे महिन्यात एका रविवारी तिचा फोन आला, की जूनमध्ये आठवडाभर सुट्टी मिळाली आहे, येते. दोन वर्षांनी येणार होती. अल्कानं, म्हणजे माझ्या बायकोनं, फोन माझ्या हातून ओढून घेतला आणि काय काय खाणार ते विचारून घेतलं. खाण्याचा विषय संपल्यावर फोन परत माझ्याकडे आला.

"बाबा, इथे जूनमध्ये अंधारच पडत नाही हो," रश्मी म्हणाली. "रात्री जेवून उठलं तरी बाहेर उजेड. जाड पडदे लावून झोपावं लागतं. मला चांगला काळाकुट्ट अंधार पाहिजे. बोडीवर काजवे आहेत ना अजून?"

"आहेत ना!" मी म्हटलं. "भरपूर!"

नोकरीतल्या इतक्या वर्षांत मी कोणालाच पहिल्या फटक्यात 'हो' म्हटलं नव्हतं. म्हटलं ते नेमकं इथे. तिकडून ती इतकी खूश होऊन हसली की नंतर दुरुस्ती करायची हिंमत झाली नाही.

फोन ठेवल्यावर अल्का म्हणाली, "काऊन खोटं बोलले? दोन वर्षं झाली, एक तरी काजवा दिसला का तुम्हाले?"

"येतील," मी म्हटलं.

"कोठून? तिच्यासोबत इमानात बसून?"

इथे थोडं भारनियमनाबद्दल सांगणं भाग आहे. ज्यांनी ते भोगलं नाही त्यांना मी काही भाग्यवान म्हणणार नाही. आमची कॉलनी शहराबाहेर, बिरसीच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याला. घरामागे एक बोडी आहे. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं, एके काळी धानाला पाणी द्यायचं, आता नुसतंच आहे. त्या दिवसांत संध्याकाळी सातच्या सुमारास लाइट जायचा आणि अख्खी कॉलनी बाहेर यायची. कोणी खाट टाकायचं, कोणी खुर्ची, कोणी ओट्यावरच. हातात पंखे. शेजारचे भैयालालजी बनियनवर बसून धानाचा भाव सांगायचे, दुसरे कोणीतरी तो चुकीचा आहे म्हणून सांगायचं. रश्मी तेव्हा बारावीला. कंदिलाशी फिजिक्सचं पुस्तक घेऊन बसायची, थोड्या वेळानं वात बारीक करायची आणि मागच्या पायरीवर माझ्या शेजारी सरकून बसायची. समोर बोडीच्या काठाला बेशरमाची झुडपं, पाण्याकाठी आपोआप माजणारी, आणि त्या झुडपांत काजवे. इतके, की झुडूप श्वास घेतंय असं वाटावं.

"ते काऊन चमकतात, बाबा?" तिनं अगदी लहानपणी विचारलं होतं.

"एकमेकांना हाका मारतात," मी सांगितलं होतं. "अंधार असला तरच ती हाक पोचते."

आणि आम्ही मूर्ख! रोज वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचो. मोर्चे काढले, मी स्वतः घोषणा दिल्या. शेवटी भारनियमन उठलं तेव्हा पेढे वाटले, तेही मीच वाटले. त्याच वर्षी रश्मी स्वीडनला गेली. त्याच वर्षी दिवाळीला आमच्या वॉर्डाचे पुढारी यादोराव यांनी बोडीच्या पलीकडच्या अंगाला खांब उभारून त्यावर मोठा हॅलोजन लावला, आणि खाली पाटी: 'श्री. यादोराव यांच्या अथक प्रयत्नाने'. तेव्हापासून बोडी रात्रभर लग्नाच्या मांडवासारखी झगझगते. काजवे गेले आणि त्यांच्या मागोमाग माणसंही आत गेली. पंखा आहे, टीव्ही आहे, बाहेर येऊन बसायला कारणच उरलं नाही. मी तेवढा कधीकधी मागच्या पायरीवर बसतो. मला रश्मीची आठवण येते म्हणजे पायरीवरच्या त्या शेजारच्या जागेची येते. तिथे आता अल्का वाळवणाचा डबा ठेवते.

तर काजवे परत आणायचे, आणि त्यासाठी तो लाइट बंद करायचा, असा मी निश्चय केला. मनात ठेवला असता तर बरं झालं असतं. पण मी तो भैयालालजींना सांगितला.

भैयालालजी राइस मिलमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले आहेत. कोणत्याही अडचणीवर त्यांच्याकडे तोडगा असतो आणि तो नेहमी दगडापासून सुरू होतो. "एक गोटा मारा ना जी मेश्रामजी, इषय खतम! इतका कायचा इचार करून राहिले?"

मी त्यांना सरकारी मालमत्ता, कायदा आणि निवृत्त हेडक्लार्कची समाजातली जागा या तिन्ही गोष्टी समजावून सांगितल्या. ते म्हणाले, "मंग मी मारतो." त्यांचा नेम मला ठाऊक आहे. मागल्या वर्षी आंब्याला मारलेला गोटा त्यांच्याच कौलांवर पडला होता. मी हात जोडून त्यांना थांबवलं.

बोडीच्या पलीकडे मंदाबाई राहतात. दोन गायी आहेत, साऱ्या कॉलनीला दूध त्यांचं. खांब त्यांच्या गोठ्यामागेच येतो, म्हणून त्यांचं मत घेणं आवश्यक होतं. त्यांनी ते मी पूर्ण विचारायच्या आतच दिलं. "लाइट बंद नाई कराचा! साप निंगते. बोदलकस्याले माह्या मामाच्या घरी एवढा मोठा निंगला होता." त्यांनी हात पसरून लांबी दाखवली. ती गोष्ट मी आधीही ऐकली आहे. पहिल्यांदा ऐकली तेव्हा साप वितभर होता, आता मामाच्या अंगणात मावत नव्हता.

सरळ मार्गानं जायचं ठरवून मी कार्यालयात गेलो. खिडकीत एक तरुण बाबू कॉम्प्युटरपुढे बसला होता. माझा अर्ज त्यानं वाचला. मग उलटून मागची कोरी बाजूही वाचली.

"साहब, शिकायत क्या है?"

"लाइट चालू आहे."

"तो?"

"तो बंद करायचा आहे."

त्यानं कॉम्प्युटरकडे बोट केलं. "देखो साहब, इसमें तीनच आहे. लाइट बंद है, लाइट लपलप करता है, खंबा टेढ़ा है. लाइट चालू है, ऐसा कोई शिकायतच नहीं है." मग दया येऊन त्यानं विचारलं, "पर बंद कायले करून राहिले?"

मी आवाज खाली आणून म्हटलं, "काजव्यांसाठी."

"जुगनू?" तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी डबा खाणं थांबवलं. एकेकाळी मी नुसता खाकरलो तर दालनात शांतता पसरायची. त्या दिवशीही पसरली, पण ती आदराची नव्हती.

शेवटी त्यानं 'लाइट बंद है' या प्रकारात माझी तक्रार टाकली. "आदमी तो आएगा. उसको समझा देना."

आदमी आला. केवळराम त्याचं नाव, लाइनमन. आला तो भर दुपारी. खांबाशी काहीतरी खटपट केली, हॅलोजन लखकन लागला आणि उन्हातही दिसू लागला.

"चालू तं आहे जी!" तो म्हणाला.

"तीच तर तक्रार आहे," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग अल्काकडे पाहिलं, आणि तिला हळूच विचारलं, "साहेबाले रिटायर होऊन लय दिवस झाले का?" जाताना त्यानं आपल्या कागदावर 'तक्रार खोटी' असं लिहिलं. मला वाचता येत नाही असा त्याचा समज असावा.

असे मेचे दिवस जात होते आणि तिकडे स्वीडनमध्ये रश्मी तिच्या ऑफिसातल्या लोकांना आमच्या काजव्यांबद्दल सांगत सुटली होती. त्यातल्या एकानं म्हणे जन्मात काजवा पाहिला नव्हता, त्याच्यासाठी ती व्हिडिओ काढून नेणार होती. प्रत्येक फोनमध्ये विचारायची, "आहेत ना?" आणि माझ्या तोंडून दरवेळी जास्तच काजवे निघायचे. एकदा तर मी 'घरात येतात' असंही सांगून बसलो. अल्का तेव्हा कणीक मळत होती, तिनं परात आपटली.

आता भैयालालजींचा दुसरा तोडगा ऐकण्यावाचून इलाज नव्हता. मिलमधला बारदाना त्यांच्याकडे ढीगभर पडलेला असतो. लांब बांबूच्या टोकाला पोतं लावायचं आणि ते हॅलोजनला टोपडं घातल्यासारखं चढवायचं, अशी त्यांची योजना. दगडापेक्षा ही योजना सभ्य होती. मंदाबाई दूध घालायला गेल्याची संधी साधून आम्ही दोघं पलीकडे गेलो. बांबू मी धरला होता, सूचना ते देत होते. चौथ्या की पाचव्या खेपेला पोतं नीट बसलं.

आणि अंधार झाला.

खरा अंधार. बोडी दिसेनाशी झाली आणि तिचा वास मात्र आला, चिखलाचा आणि शेवाळाचा, जो लाइट असताना कधी येत नसे. एक बेडूक ओरडला. वर तारे निघाले. भैयालालजी, जे झोपेतही गप्प नसतात, ते गप्प होते. मग म्हणाले, "किती दिवसानं पाहून राहिलो जी चांदण्या. माही माय होती तवा..." आणि तिथेच थांबले. मला वाटलं गहिवरून थांबले. पण ते नाक वर करून हुंगत होते.

"काही जळून राहिलं का?"

हॅलोजन किती तापतो हे आमच्या दोघांच्याही ध्यानात नव्हतं. पोतं आधी धुमसलं, मग पेटलं, आणि भक्कन बोडीत पडलं. त्या उजेडात आम्ही दोघं बांबूसकट अख्ख्या कॉलनीला दिसलो. मंदाबाई दुधाची कॅन टाकून ओरडत आल्या. कोणीतरी शॉर्टसर्किट झालं म्हणून फोन केला. दुसऱ्या दिवशी केवळराम हजर. जुना हॅलोजन पोळून गेला होता, त्यानं तो काढला आणि त्याच्या जागी दोन लावले.

"तुमच्या भागातून लाइटच्या तक्रारी लय येऊन राहिल्या," तो अभिमानानं म्हणाला, "म्हणून सायबानं एकाचे दोन देले."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. त्या रात्रीपासून आमच्या मागच्या खोलीत दिवा न लावता पेपर वाचता येऊ लागला. बिरसीला विमान चालवायला शिकवणारी शाळा आहे, तिथली शिकाऊ पोरं विमान घेऊन डोक्यावरून जातात, ती एखाद्या दिवशी आमच्या बोडीलाच धावपट्टी समजून उतरतील, असं कॉलनीत बोललं जाऊ लागलं. बोलणारे माझ्याकडे पाहून बोलत.

उरला एकच मार्ग, खुद्द यादोराव. ते मला ओळखतात, त्यांचे बरेच कागद मी पुढे सरकवले आहेत. त्यांनी जयभीम घातला, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. अडचण वेगळीच होती.

"मेश्रामजी, लाइट बंद झाला तर रात्री माझ्या नावाची पाटी कोण वाचणार?"

आणि इथे माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. मी म्हटलं, "नाव रेडियममध्ये करून टाकू. अंधारात चमकेल. गाडीचा उजेड पडला की लांबून दिसेल."

यादोरावांचा चेहरा खुलला. मोटरसायकलच्या नंबरप्लेटा करणाऱ्या दुकानातून मी स्वखर्चानं पाटी करवून घेतली. यादोरावांनी स्वतः ती लावून घेतली आणि चार पावलं मागे जाऊन पाहिली. "लाइट बंद करायला वरून आदेश लागतो," ते म्हणाले, "तो पाहू पुढं. पण मेश्रामजी, त्या किड्यांसाठी तुम्ही इतक्या चकरा मारून राहिले, तुमचं काम मी करतो. चिंताच करू नका."

हे वाक्य मी आशीर्वादासारखं घरी घेऊन आलो. त्याचा अर्थ रश्मी यायच्या आदल्या संध्याकाळी कळला.

फट फट फट असा आवाज आला. पाहतो तो बोडीच्या काठानं पांढऱ्या धुराचा लोट चालला होता. डास मारायचं धुराचं यंत्र. यादोराव जातीनं उभे. किड्यांसाठी चकरा मारणारा माणूस किडे मारण्यासाठीच चकरा मारणार, दुसरं काय, असा साधा सरळ हिशेब त्यांनी केला होता. यंत्रवाल्याला त्यांनी सांगितलं, "साहेब आपले आहेत, इथं डबल मारा." त्यानं बेशरमाच्या झुडपांत आत शिरून शिरून डबल मारला. मी "अहो, थांबा, थांबा" म्हणत धावलो, तर धूर नाकातोंडात गेला आणि मला ठसका लागला. यादोरावांनी माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. त्यात मी डोळे पुसताना दिसतो. लोकांना वाटतं कृतज्ञतेनं.

धूर विरला. दोन हॅलोजनखाली बोडी लख्ख होती आणि कसलाही आवाज नव्हता. बेडूक नाही, रातकिडा नाही. एक गंमत म्हणून सुरू झालेलं हे प्रकरण मला एकदम गंमत वाटेनासं झालं. पोर दोन वर्षांनी येणार, आठवड्यानं जाणार, तिनं साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. अंधार मागितला, त्यात चार काजवे. तेवढंही बापाला जमू नये? मी पायरीवर बसलो आणि मला खरंच रडू आलं. अल्का आली. तिनं वाळवणाचा डबा उचलला, त्या जागी क्षणभर बसली. मग उठून मंदाबाईंकडे खिरीसाठी जास्तीचं दूध सांगायला गेली.

ती परत आली तेव्हा मंदाबाई सोबत होत्या.

"का जी," त्या म्हणाल्या, "नुसता लाइटच बंद कराचा होता का? पोरगीसाठी? मंग तसं सांगाचं. संध्याकारी मीच तं लावतो, सकारी मीच बंद करतो."

"तुम्ही?"

"खंब्यावर डबा नाई का? त्याच्यात बटन हाय. केवळराम सांगून गेला, तुमचं घर जवळ हाय, तुमी पाहाल म्हणून. दिवसा कायले जळू द्याचा फुकट? पाप लागते."

दोन वर्षं माझी अशी समजूत होती की तो लाइट सरकार लावतं आणि सरकार बंद करतं. कुठूनतरी. ऑफिसातूनच. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत शिकलो होतो, पण कळसा गायीच्या गोठ्यामागे असेल असं कधी वाटलं नव्हतं.

"मग इतके दिवस बोलल्या काऊन नाही?"

"मी तं पैलेच सांगतलं, बंद नाई कराचा, साप निंगते! आनि तुमी ऑफिसात जाऊन राहिले, सायबाईले भेटून राहिले. मले वाटलं, मोट्टं काही काम असंल." मग त्यांचा स्वर जरा उतरला. "पोरगीचं कोनी बोललंच नाई माह्याजवर."

त्यांची अट एकच होती. अंधार असेल तेवढा वेळ बाप्या माणसांनी काठ्या आणि टॉर्च घेऊन बाहेर बसायचं. अल्का त्याच पावली घरोघरी गेली. ती पर्यावरणाबद्दल काही बोलली नाही. 'रश्मी येऊन राहिली, तिच्या बापानं तिले काजवे आहेत म्हणून सांगून ठेवलं, आता बाहेरचे लाइट तेवढे बंद ठेवा' असं तिनं प्रत्येक दारात सांगितलं. माझी अब्रू अशी दारोदार वाटली गेली. पण एकाही घरातून नकार आला नाही.

रश्मी आली. वाळली होती. संध्याकाळी साडेसातला मंदाबाईंनी बटण दाबलं आणि दोन्ही हॅलोजन विझले. पाठोपाठ एकेका घरचा बाहेरचा लाइट गेला. खाटा निघाल्या, खुर्च्या निघाल्या. काठ्या घेऊन आलेल्या बाप्यांना थोड्या वेळानं काठ्यांचा विसर पडला. भैयालालजी बनियनवर आले आणि धानाचा भाव सांगू लागले. कोणीतरी तो चुकीचा आहे म्हणून सांगितलं. रश्मी माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि समोर पाहू लागली.

"बाबा! ते बघा, ते बघा! चमकलं!"

मी पायरीवरून उठलोच. पलीकडच्या रस्त्यानं एक मोटरसायकल गेली होती. बोडीच्या काठावर हिरवट उजेडात अक्षरं उमटली होती: श्री. यादोराव यांच्या अथक प्रयत्नाने.

सारी कॉलनी हसली. रश्मी पोट धरून हसली. मी सगळ्यांत शेवटी हसलो.

मग रोज संध्याकाळी तासभर तेच. लाइट बंद, लोक बाहेर आणि काजवे नाहीत. आणि माझ्या खोट्याला अख्खी कॉलनी खांदा देऊ लागली. "आज हवा हाय," भैयालालजी म्हणायचे, "हवेत नाई येत." दुसऱ्या दिवशी हवा नसली की "आज गरमी लय हाय." एकदा तर ते म्हणाले, "परवाच पायले बाप्पा, एवढाले!" आणि चिंचेएवढा काजवा दाखवला. रश्मी मान डोलवायची आणि झुडपांकडे पाहत राहायची. तिच्या हातातला व्हिडिओसाठीचा फोन तिनं तिसऱ्या दिवसापासून आतच ठेवला, ते मला दिसलं.

शेवटच्या संध्याकाळी मंदाबाईंना राहवलं नाही. "कायले पोरीले फसवून राहिले? कुठचे काजवे? धुरानं मेले सारे. आनि त्याच्या आंधी लाइटानं गेले."

अंधार होता म्हणून बरं, माझा चेहरा कोणाला दिसला नाही. रश्मी माझा हात चाचपडत म्हणाली, "अंधार तर खरा आहे ना, बाबा." मग अल्काच्या मांडीवर डोकं टेकून ती तिथेच, त्या कडक पायरीवर झोपून गेली. पडदे न लावता. आम्ही तिला उठवलं नाही. नेहमीची लाइट लावायची वेळ टळून गेली, तरी मंदाबाई जागच्या हलल्या नाहीत, आणि सापाबद्दलही काही बोलल्या नाहीत.

ती गेली. घर पुन्हा मोठं झालं. मला वाटलं होतं, आता हे संपलं. पण दुसऱ्या दिवशी साडेसातला लाइट बंद झाला. मी पलीकडे जाऊन विचारलं तर मंदाबाई म्हणाल्या, "आता हात पडला. घंटाभर बंद राहिला तं का बिघडते?" भैयालालजींनी खाट टाकली होतीच. धुराचं यंत्र आमच्या बोडीवर पुन्हा आलं तेव्हा दोन बाया खराटे घेऊन आडव्या आल्या. यादोरावांना हे आवडलं नाही, पण पाटी अंधारातच जास्त खुलते हे त्यांना पटलं होतं, त्यामुळे ते गप्प राहिले. काठावरचा पालापाचोळा कोणी जाळेनासं झालं. कोणी ठरवलं नव्हतं, बसायच्या वेळी धूर नको एवढंच.

रोवणीचे, म्हणजे धानाच्या लावणीचे, दिवस आले. कॉलनीतली अर्धी माणसं दिवसा चिखलात, संध्याकाळी कंबर धरून खाटेवर. अशाच एका संध्याकाळी मी पायरीवर बसलो होतो. झुडपांत काहीतरी चमकलं. मी रस्त्याकडे पाहिलं, मोटरसायकल नव्हती. पुन्हा चमकलं. बारीक, हिरवं, बेशरमाच्या खालच्या पानाशी.

मी खिशातला फोन काढला. तिकडे दुपार असते, रश्मी ऑफिसात असते, कामाच्या वेळी फोन करायचा नाही असा अल्काचा कडक नियम आहे. मी केला.

"काय झालं, बाबा?"

"आला."

तिला कोण ते विचारावं लागलं नाही. "किती आहेत?"

'भरपूर' अगदी ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. "एक."

"एकच?"

"एकच आहे, बाई. चमकतो, थांबतो, पुन्हा चमकतो."

मागे कोणीतरी तिच्या ऑफिसात त्यांच्या भाषेत बोलत होतं. मग ती म्हणाली, "हाक मारतोय."

"हो."

"कोणी उत्तर दिलं?"

"अजून नाही."

"त्याला सांगा, बाबा, पुढच्या जूनमध्ये येते म्हणावं. तोवर थांब म्हणावं."

भैयालालजी खाटेवर उठून बसले होते. अल्का दारात आली होती. पलीकडून मंदाबाई पाहत होत्या. निवृत्त हेडक्लार्कनं चारचौघांत किड्याशी बोलावं हे कोणत्याही नियमात बसत नाही. मी फोन तसाच चालू ठेवून काठापर्यंत गेलो, गुडघे कुरकुरले तरी वाकलो, आणि त्या झुडपाला निरोप सांगितला. शब्दशः सांगितला.

"का म्हणते जी पोरगी?" मंदाबाईंनी पलीकडून ओरडून विचारलं.

"येतो म्हणते."

"मंग लावू का आता लाइट? टाइम झाला."

"राहू द्या थोडा वेळ," मी म्हटलं. "अजून बोलावून राहिला आहे."